आक्कासाहेबांसाठी मोटार गार केली ती हकीकत

श्री. उन्हातान्हात ज्याची सावली सर्वांस, त्यास नमस्कार करोन लिहिले ऐसे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मास, ऊन मी म्हणत असता एका लहानशा दौलतीचे धनी भिकाजीराव सरकार चिंतेत पडले. कारण की, सरकारांच्या वडील भगिनी आक्कासाहेब मागील उन्हाळ्यात माहेरास येता वाटेत मोटारीत घेरी येऊन पडल्या, आणि तेव्हापासोन बोलत्या जाहल्या की, "भिकू, आता मी काही यायची नाही." हे शब्द सरकारांच्या काळजात रुतले. आक्का नाही तर आंबा गोड लागेना. मोटार तीर्थरूपांचे वेळची, तीस शीतयंत्र होते, परंतु त्यातील जुना वायु आटला, आणि तो वायु आभाळाच्या छत्रास भोके पाडितो म्हणोन सर्व राज्यांनी तह करून त्यास हद्दपार केलेले. मग सरकारांनी दस्तगीर मिस्त्रीस पाचारण केले. मिस्त्री बोलले, "सरकार, नवा गॅस बसंल, पण जुनं तेल त्याला चालत न्हाई. समदं धुवून काढाय लागंल." सरकारांनी रुकार दिला. मग मिस्त्रींनी उरलासुरला जुना वायु टाकीत कैद केला, आणि नळ्या धुतल्या, आणि रबरी कड्या बदलल्या, आणि नवे तेल घातले, आणि आतली हवा यंत्राने ओढोन घेतली, आणि मग नवा वायु भरू लागले.

येथे घोटाळा जाहला. सरकार पंगतीतील आग्रहाबद्दल मुलखात मशहूर. पाहुणा नको नको म्हणे, तो तो पानात जिलबी पडे. मिस्त्री हात आवरता घेऊन बोलले, "ह्यो जुन्यापरीस कमीच घालायचा असतोय." सरकार गरजले, "आमच्या आक्काच्या गाडीला कमी? भरा, भरा!" मिस्त्रींस मोडता घालवेना, भरीत गेले. परिणाम ऐसा की, जाळीतून कोमट वारे येऊ लागले आणि सरकारांचे तोंड उतरले. तेव्हा सरकारांचे कुटुंब इंदुमतीबाईसाहेब ओसरीवरून हसोन बोलल्या, "माणसांची पोटं बिघडवलीत तेवढी पुरे नव्हती वाटतं? आता मोटारीलाही अजीर्ण!" तेव्हा सरकारांनी जन्मात प्रथमच आग्रह सोडिला आणि बोलले, "दस्तगीर, काढा थोडं." मिस्त्रींनी जादा वायु काढोन घेतला, दाबाचा काटा पाहिला, आणि वारे गार वाहू लागले. सरकारांनी त्या वाऱ्यापुढे हात धरिला, आणि त्यांचे डोळे भरोन आले.

मग सरकार जातीने आक्कासाहेबांचे दारी गेले. नाही होय करिता आक्कासाहेब कुरकुरत मोटारीत बसल्या, हुंगावयास कांदा हाती घेतला. पुढे कांदा पदरात तसाच राहिला आणि डोळे मिटले. सरकार घडोघडी मान वळवोन पाहात की, ही घेरी की निद्रा? इतक्यात बारीक घोरणे ऐकू आले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. माहेरचे दारी आक्कासाहेब जाग्या जाहल्या, आणि भावाचा हात धरोन बोलल्या, "भिकू, हे दार आता परत दिसायचं नाही, असंच धरून चालले होते रे मी." सरकारांनी तो हात न सोडिता त्यांस उंबरठ्याआत नेले.

ऐसे करून जुना वायु गेला, नवा आला, आणि आक्कासाहेब आंबे संपेतो माहेरी राहिल्या. घडले तितके लिहिले.