बिनचूककाकांचा सत्तावीस नंबर

"फॉर्म भरणं ही कला आहे, आणि त्या कलेत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय!" असं म्हणून बिनचूककाकांनी पेनाचं टोपण काढलं, आणि तिथंच सगळा घोळ सुरू झाला.

बिनचूककाका हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं. अर्धं कौतुकानं, अर्धं वैतागून. एकतीस वर्षं त्यांनी नोंदणी कार्यालयात लोकांचे अर्ज तपासले होते. तपासले म्हणजे काय, परत पाठवले होते! आडनाव रकान्याबाहेर गेलं, परत. शाई निळी, परत. सहीची शेपटी खालच्या रेघेला टेकली, परत! समोरचा माणूस रडकुंडीला आला तरी काकांचं उत्तर एकच, "सूचना वाचा." स्वतः मात्र त्यांनी जन्मात एकही सूचना वाचली नव्हती. सूचना नवशिक्यांसाठी असतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता समोरचा फॉर्म त्यांच्या लेकीचा होता. विद्यापीठाच्या फ्रेंच विभागाची प्रवेश परीक्षा. जागा फक्त चौदा. परीक्षेला दोनदाच बसता येतं, आणि पोरगी गेल्या वर्षी तीन मार्कांनी हुकली होती. म्हणजे ही शेवटची संधी! सकाळी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं आणि दुपारी घरी येऊन फ्रेंच घोकायचं, असं तिचं वर्षभर चाललं होतं.

"बाबा, मी भरते ना," ती म्हणाली.

"तू अभ्यास कर. हे येरागबाळ्याचं काम नाही."

विषयाच्या रकान्यात क्रमांक लिहायचा होता. यंदाची माहितीपुस्तिका काकांनी उघडलीसुद्धा नाही. गेल्या वर्षीची होती की! प्लास्टिकचं कव्हर घातलेली, लाल रेघा मारलेली. फ्रेंच म्हणजे सत्तावीस. काकांनी मोत्यासारख्या अक्षरात सत्तावीस लिहिलं, फॉर्म स्वतः नेऊन दिला, आणि यंदाची कोरी करकरीत पुस्तिका जेवणाच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली घातली.

घरात अभ्यासाचा नुसता धडाका सुरू झाला. लेक भिंतीकडे तोंड करून "ज्य स्वी, त्यू ए, एल ए" करत येरझाऱ्या घालायची. तोंडी परीक्षेचा सराव आई घ्यायची. आईला फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती भाजी चिरता चिरता मध्येच सुरी रोखून म्हणायची, "थांब! इथं अडखळलीस."

"आई, तुला काय कळतंय?"

"फ्रेंच नाही कळत. तू कळतेस. पुन्हा म्हण."

आणि खरंच तिथंच चुकलेलं असायचं!

दहा दिवसांनी टेबल पुसायला सरकवलं आणि पायाखालची पुस्तिका बाहेर आली. काकांनी ती सहज चाळली. सत्तावीस क्रमांकापुढे छापलं होतं, मत्स्यशास्त्र. काकांनी चष्मा पुसला. तरीही मत्स्यशास्त्रच! फ्रेंच यंदा एक्केचाळीसवर जाऊन बसलं होतं.

काकांना दरदरून घाम फुटला. लेकीला सांगायचं? बायकोला सांगायचं? छे! एकतीस वर्षांची अब्रू होती. त्यांनी पुस्तिका पुन्हा पायाखाली सारली आणि विचार करकरून असं ठरवलं की फॉर्म बदलण्यापेक्षा मुलगी बदलणं सोपं आहे.

संध्याकाळी ते काचेची पेटी आणि तीन मासे घेऊन घरी आले.

"हे काय नवीन?" बायकोनं विचारलं.

"विरंगुळा! अगं, माशांचं जग केवढं अफाट असतं! पोरांनी खरं तर त्यात शिरायला हवं. फ्रेंच काय, आज आहे, उद्या नाही."

"उद्या कुठं जाणार आहे फ्रेंच?"

हार मानतील तर ते काका कसले! जेवताना ते कल्ल्यांबद्दल बोलले. चहा पिताना खवल्यांबद्दल बोलले. लेक "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिली आणि पेटीसमोर खुर्ची ओढून माशांनाच फ्रेंच उतारे वाचून दाखवू लागली. मासे तोंडाचा आ करून ऐकत राहिले. "निदान हे मध्ये टोकत तरी नाहीत," ती खुशीत म्हणाली.

काकांचं जेवण सुटलं. झोप उडाली. ती माशांसमोर हातवारे करत बोलायची, हसायची, स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं द्यायची, आणि काका पेपराआडून ते बघत राहायचे. पोरगी इतकी छान बोलतेय आणि आपण तिला माशांच्या पंगतीत नेऊन बसवलंय!

"अहो, काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"कुठं काय?"

"म्हणजे बरंच काहीतरी झालंय," असं म्हणून ती कामाला लागली.

शेवटी दुरुस्तीची मुदत संपायच्या दिवशी काका "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि थेट विद्यापीठाच्या खिडकीवर पोचले. खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी काकांची दुरुस्तीची चिठ्ठी बघितली आणि परत सरकवली.

"शाई काळी हवी."

"अहो, पण एवढ्याशा..."

"सूचना वाचा," बाई म्हणाल्या. "पुढचा!"

काकांनी रांगेतल्या एकाकडून काळं पेन मागून आणलं, सत्तावीस काढून एक्केचाळीस केलं, आणि तरंगत घरी आले. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. माशांनासुद्धा त्यांनी प्रेमानं दाणे घातले.

परीक्षेला चार दिवस उरले असताना प्रवेशपत्र आलं. लेकीनं पाकीट फोडलं. काका पाय पसरून, निवांत हसत बसले होते.

"विषय, मत्स्यशास्त्र," तिनं वाचलं.

"अगं, पण मी तर दुरुस्त केलं होतं!" काका ओरडले.

"पण मी तर दुरुस्त केलं होतं!" लेकही त्याच क्षणी ओरडली.

"तू?" काकांनी विचारलं. "तुम्ही?" तिनं विचारलं.

झालं होतं असं, की सूचनाफलकावर लावलेल्या यादीत लेकीनं स्वतःचं नाव मत्स्यशास्त्राखाली बघितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी देऊन टाकली होती. "तुम्हाला वाईट वाटलं असतं बाबा, म्हणून बोलले नाही."

बायकोनं टेबलाखालून पुस्तिका ओढली आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी सूचना वाचल्या. "सूचना एकोणीस. एका उमेदवाराच्या दोन दुरुस्त्या आल्यास दोन्ही रद्द. मूळ अर्ज ग्राह्य."

"कुठल्या गाढवानं केलाय हा नियम?" काका कडाडले.

"तुमच्या कार्यालयातही हाच होता," बायको म्हणाली. "लोकांची कशी जिरवली ते घरी येऊन रंगवून सांगायचात."

लेक चिडली नाही, रडली नाही. चिडली नाही, रडली नाही. तिनं शब्दांची कार्डं गोळा केली, रबर लावलं, आणि फडताळात वर ठेवून दिली. "जाऊ दे बाबा. चष्म्याचं दुकान आहेच की."

ती भांडली असती तर काकांनी तिला दोन शब्द सुनावले असते. पण ह्या "जाऊ दे"नं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले. "चप्पल घाल," ते म्हणाले. "चल!"

खिडकीत त्याच बाई. "आता एकच मार्ग," त्या म्हणाल्या. "मूळ चूक पालकांची आहे, असं पालकांनी लेखी कबूल करायचं. हा कबुलीचा फॉर्म. खिडकी एकला बंद होते."

फॉर्म! काकांच्या अंगात बळ आलं. त्यांनी पेन उचललं आणि सुरुवातीलाच खाडाखोड झाली. परत! दुसऱ्या फॉर्मवर आडनाव रकान्याबाहेर गेलं. परत! तिसऱ्यावर सही चुकीच्या जागी पडली. "हा शेवटचा कोरा आहे," बाई म्हणाल्या. "आणि एकला दहा कमी आहेत."

काकांनी पेन लेकीपुढे धरलं. "तू भर," ते हळूच म्हणाले. हे दोन शब्द ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते.

तिनं भराभरा फॉर्म भरला. काकांनी नेहमीप्रमाणे न वाचता खाली सही ठोकली. पोरगी पुढं त्या परीक्षेत चौदांत आठवी आली, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण ह्यापुढं काकांच्या देखत हा विषय काढायची सोय राहिली नाही.

बाईंनी फॉर्म मोठ्यानं वाचायला घेतला. मागं रांग होती आणि रांगेला कान होते. "विषय एक्केचाळीस, फ्रेंच. ठीक. चूक कोणाची, वडिलांची. ठीक. चुकीचं कारण..." बाई थांबल्या. चष्म्यावरून त्यांनी काकांकडे बघितलं. "चुकीचं कारण, वडिलांना सगळं येतं."

काकांचे कान लालबुंद झाले. "अगं, हे काय कारण झालं? अहो बाई, हे चालायचं नाही! माझ्या कार्यालयात असं कारण मी..."

"चालतं की," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी खण उघडला. "पण तिनं उगाच एवढं लिहीत बसायला नको होतं. यंदाचे तुम्ही तेविसावे. आम्ही त्याचा शिक्काच करून घेतलाय."

आणि 'कारण : वडील' असा शिक्का त्यांनी धाडकन उमटवला. अगदी रकान्याच्या मधोमध!