केराबाईंच्या मांडवाचे पत्रे

इंटरनेटची लिंक जोडण्यात सोलापुरात माझा हात कुणी धरणार नाही, हे मी मंद्रूपजवळच्या त्या वस्तीवर उतरल्या उतरल्याच सांगून टाकलं. हे नवं वायरलेस भलतं नाजूक. लहर बॅटरीच्या झोतासारखी, गावच्या पाण्याच्या टाकीवरच्या डिशकडं आपल्या डिशचं नेमकं तोंड केलं नाही की संपलं! नवखे इंचाइंचानं डिश फिरवत बसतात. मी आधी रुंद झोतानं अंदाज घेतो, मग झोत बारीक करतो. काम झटक्यात.

घाई होतीच. केराबाई शेवटच्या घटका मोजत होत्या, मुलगा बिरुदेव मस्कतला अडकलेला. त्याचं तोंड बघितल्याशिवाय डोळे मिटणार न्हाय, हा बाईंचा हट्ट. मोबाइलवर नुसतं चाक फिरायचं, म्हणून त्यांचे दीर बिरप्पा यांनी मला बोलावलं.

छपरावर चढलो, झोत फिरवला. एका बाजूला सिग्नलला असा जोर लागला की मी लगेच डिश आवळली. बाकीच्या दिशा बघतो कोण! खाली टॅबवर बिरुदेव आला. केराबाईंनी डोळे उघडले, ओठ हलवले, आणि बिरुदेव गायब.

बाहेर बघतो तर बिरप्पा पत्रे उचलून नेत होते. दुःखाला येणाऱ्यांना सावली हवी म्हणून त्यांनी मांडवाचे पत्रे आधीच आणून गोठ्याला उभे लावले होते. वहिनींनी डोळे उघडल्यावर लाजेनं ते लपवायला निघाले होते. तेव्हा कुठं मला उमगलं. टाकी आणि छपराच्या मधे दाट कडुलिंब होता आणि मी पकडलेली लहर त्या पत्र्यांवर आपटून येत होती. सरळ टाकीकडं डिश लावून पाहिली, काही मिळेना. मान खाली घालून पत्रे परत मागितले.

"जित्या माणसाम्होरं मांडव मांडू व्हय?" बिरप्पा भडकले.

आतून केराबाईंचा आवाज आला, "आणा की. मांडव माजाच हाय न्हवं? पोरगं दिसू दे."

पत्रे परत लागले. या वेळी मी सगळ्या दिशा तपासल्या, दोनदा. बिरुदेव आला. केराबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. तो बोलत होता, रडत होता, घरी कधी येणार ते सांगत होता. मग थांबला.

"दादा, चित्र अडकलंय बगा. आई हालंना."

मी यंत्राकडं पाहिलं. सिग्नल पूर्ण होता. बिरप्पांनी तोंडाला उपरणं लावलं.

"थांबा, बघतो," मी म्हणालो, आणि उगाचच पुन्हा छपरावर चढलो.