शून्य नंबरची आत्या

यंदा मंडईचं बोलावणं फोनवरून करायचं, हे सोमाजींनी कबूल केलं ते गुडघ्यामुळे, मनातून नाही. दिवाळी सरली की भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. आपल्या आसगावची मंडई जवळ आली की सोमाजी सायकलवर टांग मारून नात्यातल्या एकेका दारी जात, चहा पीत आणि "या बरं का" म्हणून पुढे निघत. बोलावणं न मिळालेला नातेवाईक तिकडे पुढच्या मंडईपर्यंत बोलत नाही, आणि बोलला तर ऐकवत नाही.

मुलगा योगेंद्र नागपूरला निरोपांची रांग लावणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होता. दिवाळीला घरी आला असताना आयतीच संधी आली म्हणून त्याने ओसरीवर लॅपटॉप मांडला आणि वडिलांना समजावलं. निरोप एकेक करून जाणार. प्रत्येकाला शून्य ते नऊ असा नंबर द्यायचा. मोठा नंबर आधी सुटेल, आणि नंबर सारखे असले तर जो आधी रांगेत आला तो आधी.

"जावयाले नऊ," सोमाजी म्हणाले.

"आणि मामाला?"

सोमाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे बायकोच्या, ललिताबाईंच्या, बांगड्यांचा आवाज एकाएकी थांबला होता. "त्यालेही नऊच टाक," ते घाईने म्हणाले.

व्याही नऊ, सरपंच नऊ, मागच्या मंडईत रुसून गेलेला चुलतभाऊही नऊ. दहा असता तर सोमाजींनी त्याला दहा दिला असता. सगळेच नऊ असले तर नंबराला अर्थ काय, कोणीतरी खाली हवंच, असं योगेंद्रने बजावलं. सोमाजींनी बराच विचार केला.

"आपल्या बाईले शून्य टाक. ते का पावनी हाय? घरचीच हाय."

बाई म्हणजे सोमाजींची थोरली बहीण, योगेंद्रची सत्यभामा आत्या.

इथवर ठीक होतं. पण गावातलं नेटवर्क असं की एक निरोप सुटेपर्यंत चहा उकळून व्हायचा. त्यात शेजारचा खुशाल सहज डोकावला आणि आपले पाहुणेही घाला म्हणाला. त्याचे पाहुणे सोमाजींच्या पाहुण्यांपेक्षा कमी कसे असतील? नऊ. मग अख्खी गल्ली आली. मग नाटकाची हिरॉईन आजारी पडली, नाटक बदललं आणि ते सगळ्यांना नव्याने कळवणं आलं. प्रत्येक नवा नऊ मागून यायचा आणि आत्याच्या शून्याला ओलांडून पुढे जायचा. या प्रकाराला ऑफिसात उपासमार म्हणतात, आणि ती कशी टाळावी हे योगेंद्र नव्या पोरांना शिकवत असे. घरी मात्र तो चकल्या खात होता.

मंडईच्या आदल्या दिवशी आत्याची नात गुंजन हिचा फोन आला. "काका, आजीनं पिशवी कधीची भरून ठेवली होती. आता लुगडे काढून पेटीत टाकून राहिली. बोलावणं नाही आलं म्हणते."

सोमाजी ऐकून खाली बसले. जन्मात आत्याची एक मंडई चुकली नव्हती. गुडघ्याचं नाव न काढता ते पोराच्या मोटरसायकलवर मागे बसले.

वाटेत धरणाचं पाणी दिसलं आणि सोमाजींनी गाडी थांबवायला सांगितली. या पाण्याखाली आत्याचं सासर होतं. अलीकडच्या काठावर सायकल टेकवून हाक मारली की नावाडी डोमा डोंगा घेऊन यायचा, आणि डोंगा अर्ध्या नदीत असतानाच पलीकडे आत्या पदर सावरत उभी दिसायची. आता गाव उठून पुनर्वसनात गेलं, डोमाही गेला. "एका हाकेत काम होत होतं," सोमाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. योगेंद्रने गाडीला पुन्हा किक मारली.

पुनर्वसनातल्या घरी आत्याने पाणी तेवढं पुढे केलं. ती सुपातला तांदूळ निवडत बसली. योगेंद्रने खरं ते सगळं सांगून टाकलं.

"मंग नऊ कोनाले होता?" आत्याने सुपातून मान न काढता विचारलं.

"जावयाला, मामाला, सरपंचाला..."

"आन मले शून्य."

"बाई," सोमाजी म्हणाले, "पावने पयल्या पंगतीले बसतात. घरचा मानूस आखरीच्या पंगतीले. तुले पावनी कसा म्हनू मी?"

आत्याचे हात थांबले. तिने पदराने डोळे पुसले आणि गुंजनला पिशवी पुन्हा भरायला सांगितली. "गाव बुडालं तं मले वाटलं, मीही बुडाली तुमच्यासाठी," ती म्हणाली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आत्याला राहवलं नाही. पिशवी भरून होईपर्यंत तिने सगळ्या नात्यात फोन करून, आपण शून्य नंबरच्या आहोत आणि शून्य म्हणजे काय, हे सांगून टाकलं. बापलेक घरी पोचतात न पोचतात तोच मामाचा फोन. "भाऊजी, मले नऊ कायले देला? मी का परका हाय?" पाठोपाठ जावई, मग व्याही. सरपंचसुद्धा शून्य मागू लागले.

मंडईच्या दिवशी आत्या गुंजनला घेऊन आली आणि पहिली पंगत मांडली. वडे तळून झाले, मटणाचा वास गल्लीभर गेला, आणि पाटावर कोणी बसेना. मामा वाढायला उभे, जावई पाण्याचा तांब्या घेऊन उभे, सरपंच चुलीपाशी. "आमी आखरीले बसू, घरचेच हावो," सगळ्यांचं एकच पालुपद. ललिताबाईंचा भात निवत चालला. योगेंद्रला ही रांग कशी हलवावी ते सुचेना.

शेवटी सत्यभामा आत्या उठली आणि पहिल्याच पाटावर मांडी घालून बसली. "बसा सारे. भात थंडा करून कोनी घरचा होत नाही."

ती बसली तसे सगळे बसले. सोमाजींनी स्वतः बहिणीच्या पानात वडा वाढला. इतक्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. रांगेतला शून्य नंबरचा निरोप अखेर सुटला होता. गुंजनने पाहिलं आणि वाचून दाखवलं, "आत्या, मंडईला ये. तुझी वाट पाहतो."

 आत्याने वड्याचा तुकडा मोडला.

"सांग तुया त्या रांगेले," ती योगेंद्रला म्हणाली, "बाई आली म्हना."