बाबी सारंगाचं स्वीडिश

आमच्या गावात माणसाला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण स्वीडिशमध्ये ठेवणारा एकच. बाबी सारंग. ‘हान ब्रूकार’ म्हणजे ‘ह्येची सवयच आसा’ असं म्हणत तो कोणाच्याही मागे लागे. पोस्टमन उशिरा आला, हान ब्रूकार. गुरव आरतीत पेंगला, हान ब्रूकार.

पंधरा वर्षं स्वीडिश बोटीवर खलाशी म्हणून काढून तो देवगडजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा सामानात एक इंग्रजी-स्वीडिश पुस्तक होतं, तेही कव्हर गेलेलं. त्याची बायको चारचौघांत म्हणे, “लोक बोटीतसून घड्याळां आणतत, ह्येनी भास आणली!”

पुढे त्याचा मुलगा दत्तूही तसल्याच बोटीवर गेला आणि बाबीचं खूळ वाढलं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन दारात हजर. “मास्तरानू, माणूस घडयेघडये रागावता, ह्या इंग्रजीत कसा म्हणतत?” मी सांगायचो, ‘अ‍ॅप्ट टू’, ‘प्रोन टू’, ‘टेंड्स टू’. तो घरी जाऊन पुस्तकात त्याचं स्वीडिश शोधायचा. त्याला फक्त माणसांच्या सवयीच हव्या असत. एवढ्या विद्वत्तेचं गावात करायचं काय, बांगड्यांना मीठ लावायचं? असं म्हणून आम्ही शिक्षक हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी.

एकदा त्यानं विचारलं, “माणसाक दुखला तरी सांगणा नाय, लपयता. ह्या कसा?”

मी शेजारच्या गणिताच्या मास्तरांना डोळा मारला आणि इंग्रजीत नेमकं उलटं सांगितलं, ‘दुखण्याचं सोंग करण्याकडे त्याचा कल आहे.’ बाबीनं ते जपून उतरवून घेतलं. तो फाटकाबाहेर जाईपर्यंतही आम्हाला हसू आवरलं नाही.

आठ दिवसांनी तो माझ्या घरी आला. पाकिटावर चांगल्या अक्षरात पत्ता हवा होता. पत्ता स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हॉस्पिटलचा.

“दत्तू बोटीच्या मालाच्या खणात पडलो. कमरेचा हाड मोडला. चार म्हयने झाले. घरात सांगूक नाय, बायको हातरूण धरतली.”

“मग हे पत्र?”

“थंयच्या नर्सबायांका. तेंका विंग्लिश येणा नाय, दत्तूक तेंची भास येणा नाय. तेचो स्वभाव तरी तेंका कळाक होयो.”

कागदावर डावीकडे माझं इंग्रजी, उजवीकडे त्याचं स्वीडिश. दत्तू पांघरूण लाथाडतो. विचारल्याशिवाय जेवायला मागत नाही. तिसरी ओळ माझी होती, सोंगाची.

“ही चुकली आहे, बाबी,” मी कसंबसं म्हणालो. “हे पाठवू नकोस.”

“माझ्याच हातान चुकला आसतला. मास्तर कित्या चुकीचा सांगतले?”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, ते अजून उघडलेलं नाही. बरोबर ओळ दिली. त्यानं अख्खा कागद फाडला आणि एकेक शब्द शोधत पुन्हा लिहायला बसला. मी समोर बसून होतो.

शेवटी त्यानं टाक खाली ठेवला.

“आणि एक, मास्तरानू. तो घाबारलो काय ‘बाबा’ म्हणान हाक मारता. लहानपणापासूनची सवय. थंय कोणाक काय कळतला? लिवा... तेणां हाक मारल्यान तर कोणीतरी नुसतो ‘ओ’ देवा.”