अन्फूशीच्या गल्लीतली मासळी

अलेक्झांड्रिया मला तोंडपाठ आहे, हे मी आमच्या तांता शहराच्या स्टेशनपासूनच सांगत होतो. कॉलेजची दोन वर्षं मी तिथेच काढली. त्यातलं दीड वर्ष मासे खाण्यात गेलं, हे वडलांना अजून ठाऊक नाही!

सकाळी बायकोला, म्हणजे इन्शिराहला, आणि सासूबाईंना जमिनीखालची जुनी थडगी दाखवली. नव्याण्णव पायऱ्या उतरून पुन्हा चढल्यावर सासूबाईंची भूक खवळली. समुद्रकाठची चकचकीत हॉटेलं मात्र मी नाक मुरडून ओलांडली. खरी मासळी अन्फूशीच्या गल्लीत मिळते, म्हटलं.

पाच वळणं चुकलो. सहाव्या वळणावर भर गल्लीत लांबलचक टेबल, पांढरी चादर आणि तळलेल्या कांद्याचा घमघमाट! दारात एक मिशाळ गृहस्थ उभे होते. कुठून आलात, त्यांनी विचारलं. तांताहून, मी म्हणालो. त्यांनी मला छातीशी कवटाळून दोन्ही गालांचे मुके घेतले. मी बायकोकडे असं पाहिलं की, बघ, बारा वर्षांनीही ओळख ठेवलीय.

न मागताच मासे आले, भात आला. जुन्या गिऱ्हाइकाला विचारत नाहीत, मी समजावलं. आता दर्दीपणा दाखवणं भाग होतं. वाढणाऱ्या बाईंना मी सांगितलं की कांदा अजून तांबूस हवा होता, आणि मासळी कालची वाटते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात एक नटलेली मुलगी सरबताचा ट्रे घेऊन आली. पेले किणकिणत होते.

"हिचा हात फारच थरथरतो," मी म्हणालो. "हिला ठेवून घेणं अवघड आहे."

मिशाळ गृहस्थ लालबुंद झाले.

"आम्ही मुलगी देतोय, मासे विकत नाही," ते म्हणाले. "तुमचा मुलगा मागून आला की त्यालाही घेऊन परत जा."

कुठला मुलगा, असं मी विचारणार, तोच गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजले. फिती लावलेल्या दोन गाड्यांमधून तांताची खरी मंडळी उतरली. नवरामुलगा फुलं घेऊन हसत पुढे आला आणि ट्रे धरून रडणारी नवरी पाहून जागीच थिजला.

मी ताटातल्या माशाचे काटे निवडत बसलो. उठल्या त्या सासूबाई. त्यांनी मुलीच्या हातातला ट्रे खाली ठेवला आणि तिला जवळ घेतलं.

"हा माझा जावई. आमचा तुमच्या सोयरिकीशी काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं माझ्या हातचं खातोय, पण एकदा चांगलं म्हणाला नाही. याच्या जिभेवरून सोयरीक मोडू नका. मासळी झकास झालीय."

गृहस्थ बघतच राहिले. मग पोट धरून हसायला लागले. बाईंनी डोळे पुसले. सासूबाईंना नवरीशेजारी खुर्ची मिळाली, इन्शिराह बायकांच्या गाण्यात मिसळली, आणि मला सरबत वाटायला लावलं.

परवा त्यांच्याकडून लग्नाची पत्रिका आली. वर सासूबाईंचं नाव आहे, खाली इन्शिराहचं. उलटसुलट करून पाहिली, पाकीटही फाडून पाहिलं.

मी दोघींना स्टेशनवर सोडून येणार आहे.