वहिनींना गाडी लागते

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली वहिनींच्या दारात मोटार आली, ती निव्वळ एका क्रियापदामुळे.

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, विमा कंपनीत होते आणि एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून कचेरीत जात. त्या सहकाऱ्याची बदली झाली, त्याच्याबरोबर स्कूटरही गेली, आणि आता जायचं कसं हा प्रश्न दादांपुढे पडला. प्रश्न पडला की दादा हिशेब मांडत. दाढी करता करताच त्यांनी बस आणि मोटार यांची तुलना सुरू केली. बसच्या खात्यात दोघांचे पास धरले, बसमध्ये विसरणाऱ्या छत्र्या धरल्या, थांब्यावर उभं राहून झिजणाऱ्या चपलासुद्धा धरल्या. मोटारीच्या खात्यात फक्त पेट्रोल धरलं.

"बघ, मोटारच स्वस्त पडते!" ते आरशातूनच म्हणाले. "जाता जाता तुलाही सोडीन. काय म्हणतेस?"

वहिनींना ते मुळीच नको होतं. त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या आणि डबल डेकरने जात. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची, खिडकीची जागा त्यांची ठरलेली. तिथे 'माझा रुमाल कुठंय' म्हणून विचारणारं कोणी नसे. मांडीवर पुस्तक उघडावं, काचेला घासून जाणाऱ्या फांद्या बघाव्यात, वाटलं तर वाचावं. ती बस म्हणजे त्यांचं माहेरच होतं म्हणा ना. पण साबणाच्या फेसातूनही दादांचा चेहरा इतका फुललेला दिसत होता, की सरळ 'नको' म्हणवेना. त्यांनी एक साधीशी थाप मारली.

"मला ना, गाडी लागते हो."

म्हणजे मोटारीत बसलं की मळमळतं. दादांनी ऐकलं ते असं, की हिला गाडी हवी आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, बिचारीने तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं! त्यांना अगदी भरून आलं. त्याच आठवड्यात दारात पिस्त्याच्या रंगाची एक जुनी मोटार उभी राहिली.

"घे," दादा किल्ली पुढे करून म्हणाले. "तुला लागते ना?"

वहिनींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण इतक्या प्रेमाने आणलेली मोटार परत कर म्हणायचं कुठल्या तोंडाने? त्या गुपचूप आत बसल्या. पुढच्या सीटवर नव्हे, मागे. पुढे सासूबाई आधीच बसल्या होत्या.

"मी नुसती फिरायला येते रे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून रोज आल्या. त्यांनी जन्मात कधी चाक हातात धरलं नव्हतं, पण चढ आला की हटकून ओरडत, "दुसरा गिअर टाक, दुसरा!"

महिन्याभरात बॅटरी गेली, मग टायर गेला, मग कचेरीजवळ मोटार उभी करायला भाडं पडू लागलं. हिशेब चुकतो म्हणजे काय! दादांनी त्यातून नवी वाट काढली. खर्च माणशी धरायचा. माणसं वाढवली की माणशी खर्च आपोआप खाली येतो. म्हणून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले, समोरच्या व्हायोलिनच्या बाई आल्या, व्हायोलिनही आलं. प्रत्येकाला सोडायला वेगळा वळसा. वहिनी मागे मधोमध, मांडीवर व्हायोलिनची पेटी.

"जपून हं वहिनी, माझा जीव आहे त्यात," व्हायोलिनबाई म्हणत.

"आणि माझा कोपर आहे तुमच्या बरगडीत. माफ करा," डॉक्टर म्हणत.

"पण माणशी किती कमी पडलं बघा!" दादा पुढून म्हणत.

वहिनींना रोज उशीर व्हायला लागला. प्रयोगशाळेत लोक सकाळपासून उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेले. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, आता सुई घालून उपयोग नाही, भुकेने सगळं आटलं!" शेवटी मुख्य डॉक्टरीणबाईंनी बोलावून बजावलं, "उद्या उशीर झाला तर तुमच्या टेबलावर दुसरं कोणी बसेल."

दुसऱ्या दिवशी मोटार भर चौकात बंद पडली. मागे डबल डेकर उभी राहून भोंगा वाजवायला लागली. वहिनींनी मागच्या काचेतून वर पाहिलं. वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी रिकामी होती. त्यांनी व्हायोलिनची पेटी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली, त्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि उतरल्या.

"अगं, कुठे चाललीस?" दादा ओरडले.

"कामाला!" म्हणत वहिनींनी पदर खोचला आणि बसमध्ये उडी घेतली. बस मोटारीला वळसा घालून पुढे गेली आणि वहिनी वेळेवर पोचल्या.

संध्याकाळी दादांनी किल्ली टेबलावर ठेवली. "तूच म्हणालीस, गाडी लागते."

"लागते म्हणजे मळमळतं, असं म्हटलं होतं मी!"

"म्हणजे तुला गाडी नकोच होती?"

"कधीच नको होती."

दादांनी डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला. "अगं, त्या क्लचपायी हा कामातून गेलाय. चौक आला की छातीत धडधडतं. म्हटलं, एवढं मागितलंय हिने, करावं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मळमळणं हीसुद्धा थापच होती, एवढं मात्र वहिनींनी पोटातच ठेवलं.

"हसा, हसा," सासूबाई आतून म्हणाल्या. "आता मी कशात बसू?"

मोटार डॉक्टरांनी घेतली, सासूबाईंच्या पुढच्या सीटसकट. सोमवारी वहिनी आपल्या खिडकीशी बसल्या, पुस्तक उघडलं. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. ज्याची स्कूटर गेली आणि मोटारही गेली तो माणूस कशाने जाणार, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

"सरक जरा," दादा म्हणाले. "बस नाही ना लागत तुला?"

"नाही हो," वहिनींनी उसासा टाकला. "पण खिडकी माझी."

डॉक्टरांनी पुढे व्हायोलिनबाईंशी लग्न केलं. लग्नाच्या दिवशी मोटार बंद पडल्यामुळे नवरानवरीलाच उशीर झाला, बाकी सगळे बसने वेळेवर पोचले. सासूबाई शेवटपर्यंत डॉक्टरांना गिअर सांगत राहिल्या. आजोबांचं रक्त वहिनींनी बरीच वर्षं काढलं. दादा वहिनींच्या आधी निवृत्त झाले, आणि आता तरी खिडकी, पुस्तक आणि आपण, असं वहिनींच्या मनात आलं. पण ज्येष्ठांना पास फुकट मिळतो हे दादांनी आधीच शोधून काढलं होतं. ते रोज वहिनींना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत सोडायला जात. "फुकटचा पास," ते म्हणत, "वाया कशाला घालवायचा?"