खेळवाणीच्या शेवटच्या चढाईची बखर

श्रीवाग्देवता कृपा करो, सांगणाराचा घसा आणि ऐकणाराचे कान शाबूत राहोत. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरी, कोणे एके लहान राज्यी हैबतराव सरकार सिमेंटाचा व्यापार करीत असता त्यांचे चित्ती आले जे, आपले मुलुखाचे खेळ आपले मुलुखाने ऐकावे. मग त्यांनी पतपेढीचे माडीवर रेडिओचे ठाणे बसविले, खेळवाणी ऐसे नाव ठेविले, आणि त्र्यंबकपंत सोनवलकर शाळेत कवायत शिकवीत होते, त्यांस बोलावून समालोचनाची वस्त्रे दिली. वस्त्रे म्हणजे एक शाल आणि एक टेबलपंखा. पंखा पुढे उन्हाळ्यात सरकारांनी परत नेला. पंतांनी बारा वर्षे कुस्त्या सांगितल्या, कबड्डी सांगितली. राज्याचा संघ बहुतकरून हरतच असे, आणि पंत ती हार ऐसी सांगत की लोकांस रात्रीचे जेवण तरी जाई.

पुढे हैबतराव कैलासवासी जाहले आणि चिरंजीव गादीवर आले. त्यांस खेळाचा कंटाळा. त्यांनी ठाणे राजधानीच्या गाणेवाल्यांस देऊन टाकिले, आणि पंतांस आज्ञा जाहली जे, कबड्डीची अंतिम लढत तेवढी सांगा, मग घरी बसा. पंत थकलेच होते, बरे म्हणाले.

लढत परमुलखी होती. ती लांबली, गुण बरोबरीस आले, आणि हौसाक्का मेंढकरणीचा लेक बिरू शेवटची चढाई करीत असता, सहाचे ठोक्यास गाणेवाल्यांनी ठाणे ताब्यात घेतले. घरोघर ऐन चढाईत लग्नाचे गाणे लागले. पंतांस काय ठाऊक! ते मुक्या यंत्रात जीव तोडून बोलत राहिले आणि त्यांचा घसा बसला. मग राज्यात फोनवर निरोप आला की एका गुणाने हरलो, आणि कोणी उठविले जे, बिरूने जाणून अंग टाकिले. खरे सांगणारास मध्येच तोडिल्यामुळे तेच सर्वांस खरे वाटले. संघ जीपने रातोरात परतला. पंतांची मात्र यंत्रे गुंडाळता बस चुकली.

सकाळी पंत स्टँडावर उतरले, तो माणसे उभी. हणमा पानवाला म्हणाला, "पंत, निकाल ठावं हाय. खेळ सांगा."

पंतांचे मनी आले, आता कशास? चाकरी गेली, चहा घ्यावा आणि निजावे. इतक्यात हौसाक्का पुढे आली.

"पोरगं आल्यापास्नं दार लावून बसलंय, पंत. लोक काय काय बोलत्यात. ते कसं पडलं, तेवढं सांगा."

पंत बाकावर टेकले. आवाज फुटेना, म्हणून लोक जवळ सरले.

"तसाच परतला असता तर बरोबरी होती, कुणी नाव ठेवलं नसतं. तो जिंकायला आत घुसला. एकानं घोटा धरला, वर चौघं पडले. सगळ्यांना ओढत आणलं त्यानं. रेघ वीतभर राहिली, तरी तोंडात कबड्डी चालूच. दम तुटला, तेव्हा थांबला."

हणमा खाली बघू लागला. हौसाक्काने पदराने डोळे पुसले. "जाते. उठवून जेवाय घालते."

ती निघाली. पंतांनी यंत्रे बाकावरच टाकिली आणि ते तिचे मागे गेले.

येणेप्रमाणे खेळवाणी बारा वर्षे चालली आणि बुडाली. तिचे अखेरचे समालोचन पंतांनी मेंढकरणीचे अंगणात उभे राहून केले. श्रोता एकच होता, आणि तो दाराआड बसून ऐकत होता.